पुरुषाच्या छातीत गाठ लागली, आता घरच्यांनी काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक वेळा बायको, मुलगी, सून किंवा भाऊ यांच्याकडून येतात, ज्याच्या छातीत गाठ आहे तो माणूस स्वतः क्वचितच विचारतो. म्हणून उत्तरंही घरच्यांना समोर ठेवूनच लिहिली आहेत, गाठ लक्षात आल्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंत आणि त्याच्या थोडं पुढे. इलाज कुठला हे तुमचे डॉक्टरच ठरवणार, पण त्यांच्यापर्यंत वेळेत पोचवणं आणि सोबत राहणं हे घरच्यांनाच करावं लागतं.

१. पुरुषांना खरंच ब्रेस्ट कॅन्सर होतो का? आमच्याकडे तर कधी कोणाचं ऐकलं नाही.

होतो. पुरुषांच्या निपलच्या मागेही थोड्या नलिका आणि थोडं टिश्यू असतं, तिथेच तो होतो. दुर्मिळ आहे हे खरं, ब्रेस्ट कॅन्सरच्या साधारण शंभर पेशंटमागे एखादा पुरुष, आणि बहुतेक जण साठीच्या आसपास किंवा पुढचे, पण चाळिशीतही होऊ शकतो. घरात आई, बहीण, मावशी किंवा वडिलांना ब्रेस्ट किंवा ओव्हरीचा कॅन्सर झालेला असेल, लिव्हर सिरॉसिस असेल, छातीला पूर्वी रेडिएशन दिलेलं असेल, खूप लठ्ठपणा असेल किंवा क्लाइनफेल्टर सिंड्रोम (पुरुषात जन्मतःच एक जास्तीचा एक्स क्रोमोसोम असणं) असेल तर शक्यता वाढते. यातलं काहीच नसतानाही होतो. "आपल्यालाच कसं हे असलं काहीतरी" असं घरातल्या माणसाला वाटत असेल तर सांगा की अमेरिकन अभिनेते रिचर्ड राउंडट्री यांना १९९३ मध्ये झाला होता, त्यानंतर ते तीस वर्षं जगले आणि काम करत राहिले. किस नावाच्या अमेरिकन रॉक बँडचे ड्रमर पीटर क्रिस यांना २००८ मध्ये झाला, आणि गायिका बियॉन्सेचे वडील मॅथ्यू नोल्स यांनी २०१९ मध्ये टीव्हीवर येऊन स्वतःचं सांगितलं.

२. गाठ कॅन्सरची आहे की साधी, हे घरी कळतं का?

नक्की कळत नाही, पण घाई किती करायची ते कळतं. पुरुषांमध्ये छाती फुगण्याचं सगळ्यात मोठं कारण गायनेकोमास्टिया आहे, म्हणजे हार्मोन्सच्या गडबडीने वाढलेलं टिश्यू. ते बरेचदा दोन्ही बाजूंना असतं, निपलच्या बरोब्बर खाली गोल चकतीसारखं लागतं, रबरासारखं, आणि दाबलं की दुखतं. काही औषधांनी होतं, जसं स्पायरोनोलॅक्टोन, डिगॉक्सिन, केटोकोनॅझोल, प्रोस्टेटच्या काही गोळ्या, जिममध्ये घेतलेली स्टिरॉइड्स. दारूने लिव्हर खराब झालं तरी होतं.

काळजीची गाठ सहसा एकाच बाजूला असते, कडक असते, निपलच्या मधोमध नसून जरा बाजूला असू शकते आणि दुखत नाही. न दुखणं हीच इथे फसवी गोष्ट आहे, दुखत नाही म्हणून लोक वर्ष वर्ष काढतात. याशिवाय निपल आत ओढला जाणं, त्यातून रक्त किंवा पाणी येणं, कातडीला खळी पडणं किंवा न भरणारी जखम होणं, काखेत गाठ लागणं. बनियनवर छातीच्या एकाच जागी परत परत डाग दिसत असेल तर तो नुसता धुऊन टाकू नका, मॅथ्यू नोल्स यांच्या बाबतीत शर्टावरचे रक्ताचे ठिपकेच पहिल्यांदा दिसले होते. आणि हो, दुखणारी गाठ म्हणजे सेफ असंही नाही. यातलं काहीही दोन आठवड्यांत गेलं नाही तर दाखवायचंच.

३. मुलगा चौदा वर्षांचा आहे, निपलखाली गोळा आलाय. कॅन्सर असेल का?

वयात येताना मुलांना हे खूप कॉमन आहे, बहुतेकांचं वर्ष दोन वर्षांत आपोआप जातं. एकदा डॉक्टरांना दाखवा म्हणजे तुमच्याही मनाला शांतता. शाळेत चिडवतात म्हणून तो पाठ वाकवून चालायला लागला असेल तर त्याच्याशी जरूर बोला, कारण या वयात गाठीपेक्षा तेच जास्त लागतं.

४. छातीला मार लागला होता, आणि मोबाईल कायम वरच्या खिशात असायचा. त्याने झालं का?

मार लागल्याने कॅन्सर होत नाही. होतं असं की मार लागला म्हणून तिथे हात जातो आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा लक्षात येते. मोबाईलचं म्हणाल तर खिशातल्या फोनने ब्रेस्ट कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. आणि कृपा करून "मी सांगत होते तरी तुम्ही ऐकलं नाही" हे वाक्य आत्ता नको, त्याने माणूस आणखी लपवायला लागतो.

५. ते डॉक्टरकडे यायलाच तयार नाहीत. काय करू?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

आधी नाही का म्हणतायत ते शोधा, कारण वरवर सगळे "काही नाही गं, चरबीची गाठ आहे" एवढंच म्हणतात आणि आत कारण वेगळं असतं. कोणाला लाज वाटते, बायकांच्या आजारासाठी बायकांच्या रांगेत बसायचं म्हणून. कोणाला भीती असते की एकदा बघितलं की निघणारच. कोणाच्या डोक्यात खर्च असतो, मुलीचं लग्न ठरतंय, कापूस अजून शेतात आहे, कंपनीत सुट्टी मिळत नाही. लाजेवर खर्चाचं उत्तर देऊन उपयोग नाही आणि खर्चावर "घाबरू नका" म्हणूनही नाही. खर्चाबद्दल प्रश्न १४ बघा, ती माहिती आधी गोळा करून मग बोललात तर तुमच्या बोलण्याला वजन येतं.

मग बोलणार कोण ते ठरवा. सगळ्या घराने एकदम घेरलं की माणूस उठून बाहेर निघून जातो. त्यांचा एखादा मित्र, मेहुणा, थोरला भाऊ किंवा वर्षानुवर्षांचे फॅमिली डॉक्टर, ज्यांच्यासमोर ते शर्ट काढतील असा एकच माणूस पुरतो. शक्यतो अपॉइंटमेंट तुम्हीच घ्या, तारीख आणि वेळ सांगा, नुसतं "दाखवून घ्या ना एकदा" म्हणत राहिलात तर ते दिवाळीनंतरवर जातं. "तुम्ही चला, डॉक्टरांशी तुम्हीच बोला, मी फक्त शेजारी बसते" हे बऱ्याच जणांना चालतं. बीपी शुगर दाखवायला जातातच तर त्याच व्हिजिटला "छातीत काहीतरी लागतंय तेही बघा" म्हणून जोडून घ्या. पण खोटं सांगून, फसवून नेऊ नका, पुढे बऱ्याच वेळा सोबत जायचं असू शकतं आणि तेव्हा त्यांचा तुमच्यावर विश्वास लागेल.

आठवडा दोन आठवड्यांनी आभाळ कोसळत नाही. महिने जाऊ देणं मात्र महागात पडतं, पुरुषांमध्ये हा कॅन्सर बरेचदा उशिरा सापडतो आणि त्यात "पुरुषाला कुठे होतो" या समजाचा मोठा हात आहे.

६. जायचं कुठल्या डॉक्टरकडे? गायनॅककडे का?

नाही. जनरल सर्जन किंवा ब्रेस्ट सर्जन, मोठ्या शहरात कॅन्सर सर्जन. सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून केली तरी चालेल, पण त्यांनी शर्ट काढून, हात लावून, काखेसकट तपासलं पाहिजे. नुसतं ऐकून "चरबी आहे" म्हणाले तर दुसरीकडे जा, यात कोणाचा अपमान होत नाही. परळचं टाटा मेमोरियल सगळ्यांना माहीत असतं, पण नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, बार्शीला नर्गिस दत्त हॉस्पिटल आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. पहिल्या तपासासाठी मुंबईच गाठली पाहिजे असं नाही. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा, प्रश्न २ मध्ये सांगितलेली औषधं त्यात असू शकतात.

७. मॅमोग्राफी पुरुषाची कशी करतात? आणि अजून काय टेस्ट असतात?

तशीच करतात, टिश्यू कमी असलं तरी मशीनमध्ये येतं. थोडा वेळ दाबलं जातं, दुखतं, पण पटकन होतं. त्यासोबत छातीची आणि काखेची सोनोग्राफी. त्यानंतर संशय वाटला तर बायोप्सी, म्हणजे जागा बधिर करून जाड सुईने गाठीचे बारीक तुकडे काढणं, ट्रूकट म्हणतात त्याला. अ‍ॅडमिट व्हावं लागत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, इकोस्प्रिन किंवा क्लोपिडोग्रेलसारखी, तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

मॅमोग्राफीच्या बाहेर सगळ्या बायका बसलेल्या असतात आणि तुमचा माणूस एकटा पुरुष असतो, वरून कधी कधी स्टाफ तुम्हालाच पेशंट समजून हाक मारतो. आधीच काउंटरला हळूच सांगून ठेवा की पेशंट पुरुष आहे, पहिली किंवा शेवटची वेळ मिळेल का. बहुतेक ठिकाणी समजून घेतात. आणि तुम्ही शेजारी बसा, बाहेर गाडीत नको.

८. सुई घातली की कॅन्सर पसरतो म्हणतात. आत्या तर शपथ घालून बसलीये.

बायोप्सीने कॅन्सर पसरून माणूस दगावतो असं नाही. हा समज आला बहुधा असा की पूर्वी लोक फार उशिरा यायचे, सुई टोचायची तेव्हाच आजार पसरलेला असायचा आणि दोष सुईवर जायचा. बायोप्सीशिवाय कॅन्सर आहे का, कुठल्या प्रकारचा आहे, हार्मोनची गोळी चालेल की नाही, काहीच कळत नाही. आत्याशी वाद घालू नका, तिला पण काळजीच आहे, डॉक्टरांसमोर घेऊन जा आणि तिचा प्रश्न तिलाच विचारू द्या. लेप, काढा, अंगारा यावर कोणाची श्रद्धा असेल तर असू दे, पण गाठीवर जाळणारा लेप लावायचा नाही आणि बायोप्सीची तारीख पुढे ढकलायची नाही, या दोन गोष्टींवर ठाम राहा.

९. सर्जन म्हणाले गाठ छोटी आहे, बायोप्सी कशाला, डायरेक्ट काढूनच टाकू. बरोबर आहे का?

नम्रपणे विचारा, "आधी सुईची बायोप्सी करता येईल का?" कारण कॅन्सर निघाला तर ऑपरेशन वेगळं असतं, काखेतल्या लिम्फच्या गाठींचा (लिम्फ नोड) विचार करावा लागतो, आणि अर्धवट काढलेल्या गाठीनंतर परत टेबलावर जावं लागतं. काही वेळा डायरेक्ट काढण्याला योग्य कारण असतं, तेव्हा ते कारण समजून घ्या.

गाठ काढली किंवा बायोप्सी झाली की आपल्याकडे बरेचदा बरणी नातेवाइकाच्याच हातात देतात, लॅबला पोचवा म्हणून. ती बरणी ऑपरेशनइतकीच महत्त्वाची आहे. आत फॉर्मॅलिन (तुकडा टिकवणारं द्रव) आहे ना विचारा, बरणीवर नाव आणि उजवी की डावी बाजू लिहिलीये ना बघा, त्याच दिवशी पोचवा, घरी फ्रिजमध्ये ठेवू नका. तुकडा नीट फॉर्मॅलिनमध्ये राहिला नाही तर पुढच्या टेस्ट चुकीच्या येऊ शकतात. आणि लॅबमधून नंतर ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड (काचेवरचा त्याचा पातळ काप) मागून घ्या, मोठं हॉस्पिटल त्या परत तपासायला मागतंच.

१०. रिपोर्ट यायला दिवस लागतायत. तोपर्यंत घरात कसं वागायचं?

बायोप्सीचा साधा रिपोर्ट काही दिवसांत येतो, हार्मोनच्या टेस्टना अजून थोडे दिवस. हा काळ सगळ्यात वाईट, पुढे काय ते कळलं की निदान काहीतरी करता तरी येतं.

"काही होत नाही, तुम्ही उगाच टेन्शन घेता" असं म्हणू नका. म्हणणाऱ्याचं मन हलकं होतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं आता याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. रडारड करून त्यांनाच तुमची समजूत काढायला लावू नका. मधला रस्ता साधा आहे, "मला पण भीती वाटतेय, रिपोर्ट आला की दोघं मिळून बघू" एवढं बोललं तरी पुरतं, मग नेहमीची कामं चालू ठेवायची, बँकेत जायचंय तर जायचं, मॅच बघायची तर बघायची. त्यांना रोज तेच बोलायचं नसतं, "आज त्याबद्दल बोलायचंय का" असं विचारा आणि नाही म्हणाले तर नाही. नातेवाइकांमध्ये कोणाला सांगायचं ते त्यांनी ठरवायचं, फॅमिलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुम्ही टाकायचं नाही. रात्री दोन वाजता मोबाईलवर शोधत बसू नका, त्यातली बरीचशी माहिती बायकांच्या आजाराबद्दल असते आणि त्यांच्या रिपोर्टला जशीच्या तशी लागू होत नाही. तुमचं स्वतःचं जेवण झोप चाललीये ना तेही कोणाला तरी बघायला सांगा.

११. रिपोर्ट कॅन्सरचा आला. बाबांना सांगायचं का? भाऊ म्हणतो खचतील.

आपल्याकडे लपवण्यामागे बहुतेक वेळा हेतू चांगला असतो, पण लपवून फार काळ निभत नाही. कॅन्सर हॉस्पिटलची पाटी ते वाचतात, शेजारच्या पेशंटशी बोलतात. मग त्यांना कळतं की सगळ्यांना माहीत होतं, फक्त मलाच नाही, आणि त्या एकटेपणाने माणूस जास्त खचतो. ऑपरेशनच्या फॉर्मवर सही त्यांची असते, शरीर त्यांचं आहे. माझं मत स्पष्ट आहे, सांगायला हवं, पण किती ते त्यांना विचारून. "बाबा, रिपोर्ट आलाय, तुम्हाला सगळं डॉक्टरांकडून ऐकायचंय की मी बघून घेऊ आणि मुख्य तेवढं सांगू?" काही जण खरंच म्हणतात तूच बघ, तर तो त्यांचा निर्णय. डॉक्टरांना आधी भेटून "त्यांच्यासमोर बोलू नका" सांगणं टाळा.

१२. रिपोर्टमधले शब्द कळत नाहीत. आणि रिपोर्ट नॉर्मल आला तर विषय संपला ना?

मॅमोग्राफीवर बायरॅड्स नंबर असतो. १ आणि २ म्हणजे चिंता नाही, ३ म्हणजे बहुधा साधी पण परत बघू, ४ आणि ५ म्हणजे बायोप्सी हवीच, ० म्हणजे अजून फोटो हवेत. बायोप्सीत डक्टल कार्सिनोमा (नलिकांमध्ये सुरू होणारा कॅन्सर) लिहिलं असेल तर कॅन्सर आहे, पुरुषांमध्ये बहुतेक हाच प्रकार. मग ईआर, पीआर (कॅन्सरच्या पेशी हार्मोनवर वाढतात का) आणि हर-टू (पेशींवरचं एक प्रोटीन) बघतात. पुरुषांमध्ये दहातले साधारण नऊ ईआर पॉझिटिव्ह असतात, आणि ही चांगली बातमी आहे कारण त्यावर गोळी चालते. पॉझिटिव्ह शब्द वाचून घरात रडणं सुरू होतं, म्हणून आधीच सांगून ठेवतोय.

नॉर्मल रिपोर्टबद्दल: डॉक्टरांच्या हाताला, फोटोला आणि बायोप्सीला तिन्हींना एकच गोष्ट दिसली तर विषय संपतो. हाताला कडक लागतेय, फोटो संशयास्पद आहे आणि फक्त बारीक सुईच्या टेस्टमध्ये (एफएनएसी, यात तुकडा न काढता नुसत्या पेशी ओढून घेतात) काही आलं नाही, तर सुई चुकीच्या जागी गेलेली असू शकते. तेव्हा "परत बायोप्सी करायची का" हे विचारायलाच हवं.

१३. इलाज काय असतो? आणि ही बायकांची गोळी पुरुषाला का देतात?

बहुतेकांना ऑपरेशन, त्यात निपलसकट त्या बाजूचं सगळं टिश्यू काढतात आणि काखेतल्या गाठी तपासतात. गरजेप्रमाणे केमो, रेडिएशन, हर-टू पॉझिटिव्ह असेल तर त्यावरचं ट्रास्टुझुमॅब हे औषध. ऑपरेशननंतर काही दिवस नळी आणि पिशवी लावून घरी पाठवतात, पुढून बटणं असलेले सैल शर्ट काढून ठेवा, पिशवीतलं पाणी रोज मोजून लिहून ठेवा, आणि शिकवलेले खांद्याचे व्यायाम ते टाळतात ते टाळू देऊ नका, नाहीतर हात वर जात नाही.

गोळी म्हणजे टॅमॉक्सिफेन, सहसा किमान पाच वर्षं. ती इस्ट्रोजेनचा परिणाम अडवते, आणि इस्ट्रोजेन पुरुषांच्या शरीरातही असतं. गोळीने ते बाई होत नाहीत. पण अंगातून गरम वाफा, चिडचिड, वजन वाढणं, सेक्सची इच्छा कमी होणं हे होऊ शकतं आणि याच कारणाने बरेच पुरुष गुपचूप गोळी सोडतात. त्यामुळे बायकोने हे आधीच माहीत करून घ्यावं, रागावू नये, डॉक्टरांना सांगावं. एक पाय सुजला, पोटरी दुखली किंवा अचानक दम लागला तर त्याच दिवशी हॉस्पिटल, रक्ताची गुठळी असू शकते. पॅरॉक्सेटीन, फ्लुऑक्सेटीनसारख्या डिप्रेशनच्या गोळ्या टॅमॉक्सिफेनचं काम कमी करू शकतात, चालू असतील तर सांगा. अजून मूल हवं असेल तर केमोच्या आधी स्पर्म ठेवण्याबद्दल विचारा, नंतर विचारून उपयोग नसतो.

१४. पैशाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या राज्य सरकारच्या योजनेच्या पॅनेलवरच्या हॉस्पिटलमध्ये तिचा आरोग्यमित्र (मदतनीस) बसतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. आधी ऑपरेशन करून नंतर योजना लावू असं होत नाही, मंजुरी आधी लागते. मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलना १० टक्के बेड गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के कमी दरात ठेवावे लागतात, त्यासाठी तिथल्या सोशल वर्करला भेटा. रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या एकाला सवलत मिळते, फॉर्म हॉस्पिटल देतं. परळला राहायचा प्रश्न आला तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा पेशंटसाठीच आहे.

१५. मी दुबईत आहे, आईबाबा साताऱ्याला. इथून काय करणार?

कागद सांभाळा. प्रत्येक रिपोर्टचा नीट फोटो तारखेप्रमाणे एका फोल्डरमध्ये, गोळ्यांची यादी, ऑपरेशनची तारीख, हे काम लांबूनच जास्त चांगलं होतं. सेकंड ओपिनियनसाठी टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडशी (देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटल्सचं जाळं) जोडलेली नव्या ही ऑनलाइन सेवा आहे. पैसे पाठवताना तिथे धावपळ करणाऱ्या चुलत भावाच्या पेट्रोलचा आणि डब्याचाही विचार करा. सुट्टी एकदाच मिळणार असेल तर ऑपरेशनच्या दिवशी येण्यापेक्षा डिस्चार्जनंतर या असं मी सांगेन, तेव्हा घर रिकामं होतं आणि आई एकटी पडते.

१६. काका आता अंघोळ करून बाहेर येतानाही शर्ट घालूनच येतात, पूजेला उघड्या अंगाने बसत नाहीत. समजावू का?

घाई करू नका. एका बाजूला निपल नाही, आडवा व्रण आहे, आणि आयुष्यभर अंगणात उघड्या अंगाने वावरलेल्या माणसासाठी हे छोटं नाही. उपरणं घेऊन पूजा होते, त्यावर कोणी बोलायचं कारण नाही. विहिरीवर, नदीवर पोहायला जाणारे असतील तर टीशर्टवर पोहता येतं. वाटलं तर निपल परत बनवण्याबद्दल किंवा टॅटूबद्दल प्लास्टिक सर्जनला विचारता येतं. महिनोन्महिने कोणाला भेटत नाहीत, झोप नाही, जेवण नाही असं असेल तर मात्र तो लाजेचा प्रश्न राहिला नाही, डॉक्टरांना सांगा.

१७. वडिलांना झाला, आता आम्हा मुलांना धोका आहे का? ताईचं लग्न ठरतंय, टेस्ट केली तर अडचण येईल असं आई म्हणते.

पुरुषाला ब्रेस्ट कॅन्सर झाला की त्याची जेनेटिक टेस्ट करावी असाच सल्ला असतो, वय काहीही असो. बीआरसीए२ जीनमध्ये (बिघडला तर कॅन्सरचा धोका वाढवणारा जीन) बिघाड निघाला तर तो प्रत्येक मुलाला आणि मुलीला मिळण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा असो वा मुलगी, धोका दोघांनाही, आणि मुलींना ब्रेस्टसोबत ओव्हरीचाही. आधी टेस्ट वडिलांची करायची, त्यांची निगेटिव्ह आली तर बहुतेक वेळा तुम्हा भावंडांना करायची गरज पडत नाही.

आईची भीती खोटी नाही, आपला समाज तसा आहे. पण रिपोर्ट ताईचा खाजगी कागद आहे, तो कोणाला दाखवायचा ते ती ठरवेल, आणि टेस्ट लग्नाआधी करायची की नंतर तेही तीच ठरवेल. तिला माहितीच न देणं मात्र चूक, कारण माहीत असेल तर तिची तपासणी लवकर आणि नियमित होऊ शकते.

१८. नवऱ्याच्या बहिणीला बीआरसीए२ निघालाय. त्याला गाठ वगैरे काही नाही. काही करायला हवं का?

आधी त्याचीही टेस्ट, जेनेटिक काउन्सेलरशी बोलून. त्याला नसेल तर विषय तिथे थांबला, त्याच्याकडून मुलांनाही जात नाही. असेल तर पस्तिशीपासून महिन्यातून एकदा स्वतः छाती आणि काख हाताने तपासायची, वर्षातून एकदा डॉक्टरांकडून, आणि चाळिशीपासून प्रोस्टेटची तपासणी, कारण बीआरसीए२ मध्ये पुरुषांना प्रोस्टेटचा धोकाही बराच वाढतो. टेस्टॉस्टेरॉन किंवा जिमची इंजेक्शनं डॉक्टरांना न विचारता नकोत. नणंदेच्या रिपोर्टची एक कॉपी मागून ठेवा, तिच्या जीनमध्ये नेमका कुठला बिघाड आहे ते त्यात लिहिलेलं असतं, आणि लॅबला तेवढीच जागा शोधायची असेल तर टेस्ट सोपी होते.